मान फिरवायची सवय

"काका, मान हलवू नका," ती मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली.

नायगावच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात मी पांढऱ्या डब्यात तोंड घालून बसलो होतो. हनुवटी टेकवलेली, कपाळ पट्टीला चिकटवलेलं, उजवा डोळा झाकलेला आणि हातात एक बटण. समोर पिवळा ठिपका. त्या ठिपक्याकडेच बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं, एवढंच काम. शेंबड्या पोरालाही जमेल असं. मला जमत नव्हतं. ठिपक्याकडे बघायला लागलो की पाच सेकंदांत मान डावीकडे जायची, मग उजवीकडे, आणि यंत्र बोंब मारायचं.

"मुद्दाम नाही करत मी," मी डब्यातूनच म्हणालो.

"मग कोण करतंय?" मुलगी बावीस-तेवीस वर्षांची असेल. बाहेर दहा-बारा जण खोळंबले होते, तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "एका जागी बघायचं काका. इकडेतिकडे शोधत नाही बसायचं."

माझं डोकं सटकलं. एका जागी बघत बसतो म्हणून ज्या माणसाने सैन्यात शिकवणाऱ्या उस्तादांच्या शिव्या खाल्ल्या, त्याला ही पोर उलटं शिकवत होती. मी डब्यातून तोंड काढलं आणि म्हणालो, "बाई, मान फिरवायचा सरकारने मला सतरा वर्षं पगार दिलाय." ती हसली नाही. कागद छापून तिने डॉक्टरांकडे दिला.

डॉक्टरांनी कागद बघून बाजूला सारला. म्हणाले, हा रिपोर्ट धरता येत नाही, तुम्ही नजर स्थिर ठेवलेलीच नाही. डोळ्यांत दाब जास्त आहे, आतली नस वाळल्यासारखी दिसतेय, काचबिंदू असावा. पण कडेचं किती गेलंय ते या तपासणीशिवाय सांगता येणार नाही. पुढच्या गुरुवारी परत या.

"गाडी चालवता का?" त्यांनी विचारलं.

"चालवतो."

"स्कूटर?"

"मिनीबस. सोळा बायका असतात आत."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पुढच्या गुरुवारपर्यंत नका चालवू."

"बरं," मी म्हणालो. खोटं बोलताना माझा आवाज एकदम सरळ येतो, हा माझा जुना दोष आहे.

मी सैन्यात ड्रायव्हर होतो. लोकांना सैन्यातला म्हटलं की बंदूक दिसते. मी बंदूक साफ केली जास्त आणि चालवली कमी. मी चालवली ती गाडी. आणि गाडीतही माझी खासियत रात्रीची, दिवा न लावता. राजस्थानच्या वाळूत, अमावास्येच्या आसपास, हेडलाइट बंद, डॅशबोर्डच्या बारक्या दिव्यांवरही चिकटपट्टी, आणि डोळ्यांवर तो रात्रीचा गॉगल. आम्ही त्याला हिरवा चष्मा म्हणायचो, कारण त्यातून सगळं जग हिरवं दिसतं. वाळू हिरवी, झुडूप हिरवं, पुढच्या गाडीतला दोस्त हिरवा.

पिच्चर बघून लोकांना वाटतं की तो चष्मा घातला की दिवस उजाडतो. कुठला उजाडतोय. डोळ्यांना दोन नळ्या लावल्यासारखं होतं. नळीतून दिसेल तेवढंच दिसतं, कडेचं सगळं काळं. त्यात खोली कळत नाही. खड्डा आणि सावली सारखीच दिसते, उतार सपाट दिसतो, साचलेलं पाणी डांबरी रस्त्यासारखं दिसतं. लांब कुणी विडी पेटवली तर मशाल लावल्यासारखा भपका येतो, आणि गाडीपासून सात फुटांवरचा दगड मात्र दिसत नाही. चष्मा काढला की दहा मिनिटं आंधळ्यासारखं बसून राहावं लागतं, डोळे परत अंधाराला सरावेपर्यंत. त्या दहा मिनिटांत गाडी हलवायची नाही, हा हुकूमच होता.

आम्हाला शिकवायला एक हरियाणाचे उस्ताद होते. ते रात्री शिकवायच्या आधी दिवसा शिकवायचे. पुठ्ठ्याच्या नळ्या डोळ्यांना बांधायचे आणि भर दुपारी मैदानात गाडी चालवायला लावायचे. मैदानाच्या कडेने त्यांनी तेलाचे रिकामे डबे मांडलेले असत, काही डावीकडे, काही उजवीकडे, काही अगदी चाकाजवळ. चक्कर मारून आलं की विचारायचे, "कितने डिब्बे?"

पहिल्या दिवशी मी म्हणालो, नऊ. डबे होते सतरा. त्यातले तीन मी चेपून आलो होतो. उस्तादांनी मला डोक्यावर स्टेपनी धरून मैदानाभोवती पळवलं. संध्याकाळी हात वर करून केस विंचरता येईनात.

"आँख नली में बंद है," ते म्हणायचे, "गर्दन तो खुली है ना? गर्दन चला."

म्हणून मान चालवायची. डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मध्ये, खाली चाकाजवळ, परत डावीकडे. नजर फिरवून उपयोग नाही, कारण नजर नळीच्या भिंतीला आपटते, मानच फिरवावी लागते. सुरुवातीला चक्कर येते, ओकारी येते. मग आठवड्याभरात मान आपली आपण चालायला लागते. लंगरमध्ये, म्हणजे सैन्याच्या भटारखान्यात, जेवायला बसलो तरी आमची मान चालायची. रोटी वाढणारा म्हणायचा, हे बघा आले नाईटवाले. सुट्टीवर घरी आलो तेव्हा आई बायकोला हळूच म्हणाली की याला मानेचं काहीतरी झालंय, दाखवून घे.

उस्तादांचा दुसरा नियम थांबायचा. "शक हुआ, गाड़ी रुकी." शंका आली की ब्रेक. मग को-ड्रायव्हर खाली उतरणार, पायी पुढे जाणार, चाचपून येणार, आणि त्याने हात केल्याशिवाय चाक फिरणार नाही. मागे कोण बोंबलतंय ते ऐकायचं नाही.

हे मी एकदाच खरं करून दाखवलं आणि चांगलाच फजीत झालो. सरावाची रात्र होती, माझ्या मागे अकरा गाड्या. मला पुढे वाळूत एक काळा पट्टा दिसला. घळ असेल तर ट्रक नाकावर जाणार आणि मागे बसलेली पोरं एकमेकांवर. मी थांबलो. मागच्या अकरा गाड्या थांबल्या. वायरलेसवर साहेबांचा आवाज आला, काय झालं, कोण मेलं. को-ड्रायव्हर उतरला, चालत गेला आणि परत येऊन म्हणाला, काही नाही, खेजडीच्या झाडाची सावली आहे. चांदणं इतकं बारीक की साध्या डोळ्यांना ती सावली दिसतही नव्हती, चष्म्यात मात्र घळीसारखी दिसली. पुढचे पंधरा दिवस मला सगळे "सावली, सावली" म्हणून चिडवत होते. चहा देताना म्हणायचे, सांभाळून, कपात सावली आहे.

मी तोंड पाडून उस्तादांकडे गेलो. त्यांनी एकच विचारलं, "अगली बार रुकेगा?"

"रुकूँगा," मी म्हणालो.

"तो जा, चाय पी."

सतरा वर्षांत माझ्या गाडीला ओरखडा नाही. हे मी घमेंडीने सांगतोय, आणि घमेंडच मला भोवली, म्हणून सांगतोय.

निवृत्त झाल्यावर विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आम्ही घर घेतलं. मूळचे आम्ही साताऱ्याकडचे, पण बायकोचं माहेर इकडे नालासोपाऱ्यात, आणि तिने मला स्पष्ट सांगितलं होतं की इतकी वर्षं तुम्ही म्हणाल तिथे राहिले, आता मी म्हणेन तिथे. घरी बसून तीन महिन्यांत मी तिला आणि ती मला कंटाळली. मी खिडकीतून दारापर्यंत आणि दारातून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायचो. मग वसई पूर्वेच्या एका पॅकिंगच्या कारखान्याच्या कामगार बायकांना ने-आण करायचं काम मिळालं. गाडी मालकाची, ड्रायव्हर मी, क्लीनर नाही. सकाळी आगाशीहून सुरुवात, मग विरार, मग कारखाना. संध्याकाळी उलटं. आगाशीला शेवटच्या पाच जणी उतरल्या की मोकळी गाडी घेऊन मी मनवेलपाड्याला परत.

बायकांनी पहिल्याच आठवड्यात माझं नाव ठेवलं, टेबलफॅन. मान फिरायची ना, त्यावरून. "काका, आमच्याकडे पण जरा फिरवा, उकडतंय," असं मागून कुणीतरी म्हणायचं आणि सगळ्या खिदळायच्या. मी वरवर चिडायचो. आतून मला बरं वाटायचं. वसई-विरारचे रस्ते, खड्डे, उलट बाजूने येणाऱ्या रिक्षा, आणि मधूनच रस्त्यात आरामात बसलेल्या म्हशी, यातून मी त्यांना चार वर्षं खरचटू न देता नेत होतो. त्यांच्या घरच्यांना माहीत होतं, फॅनकाकांच्या गाडीत असेल तर काळजी नाही.

मग गाडीच्या डाव्या बाजूला ओरखडे दिसायला लागले.

पहिला ओरखडा मी सोसायटीच्या वॉचमनच्या माथी मारला. कुणीतरी पार्किंगमध्ये घासून गेलं आणि तू झोपला होतास, असं म्हणून मी त्याच्याशी असा भांडलो की बिचाऱ्याने दोन दिवस मला सलाम केला नाही. दुसरा रिक्षावाल्यांच्या माथी. तिसऱ्या वेळी डावा आरसा एका खांबाला लागून मिटला, तेव्हा मी महानगरपालिकेला शिव्या दिल्या की खांब रस्त्यात आणून लावलेत. तो खांब तिथे किती वर्षं होता कोण जाणे. मी मात्र मान आणखी जोरात फिरवायला लागलो. मान दुखायची, बायको रात्री बाम चोळायची, आणि मी म्हणायचो की वय झालं. डोळ्यांचा विचार मनात आला नाही. समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती, वर्तमानपत्र वाचता येत होतं. डोळे बिघडले म्हणजे अक्षर पुसट होतं एवढंच मला माहीत होतं.

दवाखान्यात गेलो त्याच आठवड्यातल्या मंगळवारी आगाशीला गाडी थांबवली. दिवाळी होऊन गेली होती, साडेसहालाच अंधार. पाच जणी डावीकडच्या दाराने उतरल्या. मी मान फिरवली. डावा आरसा, मधे, उजवा आरसा, परत डावीकडे. रस्ता मोकळा. क्लच सोडला.

बाहेरून कुणीतरी पत्र्यावर धडाधड हात मारले. मी ब्रेक दाबला. मी उतरून बघतो तर त्यांच्यातली एक, आगाशीच्या पुढच्या कोळीवाड्यातली, रस्त्यावर बसली होती. चप्पल निघाली म्हणून ती पुढच्या डाव्या चाकापाशी वाकली होती. चप्पल चाकाखाली होती. तिचा हात चाकापासून वीतभर लांब.

ती उठली, साडी झटकली आणि हसायला लागली. "माझीच चूक काका," ती म्हणाली, "गाडीपुढं वाकतात काय कोन? बरं झालं तुमी होतात म्हनून. दुसरा असता तर गेलेच होते."

बाकीच्या चौघीही तेच म्हणाल्या. फॅनकाका होते म्हणून. मी चप्पल काढून दिली. घरी येताना मी परत परत आठवून बघत होतो. मी त्या दिशेला बघितलं होतं. एकदा नाही, दोनदा. आणि तिथे मोकळा रस्ता होता.

कारखान्याला आठवड्याची सुट्टी गुरुवारी, रविवारी नाही. मी बायकोला सांगितलं की पेन्शनच्या कामाला बँकेत जातो, आणि नायगावला गेलो. मनवेलपाड्यातलं कुणी भेटू नये म्हणून मुद्दाम लांबचा दवाखाना शोधला होता. तिथे काय झालं ते सांगितलंच.

शुक्रवारी मी गाडी काढली.

काढायला नको होती हे मला कळत होतं. उस्तादांचा नियम मला झोपेतही पाठ आहे. पण मी स्वतःशी हुज्जत घातली. रिपोर्ट तर आलाच नाही. डॉक्टर 'असावा' म्हणाले, 'आहे' म्हणाले नाहीत. एकदम सांगितलं तर मालक दुसरा माणूस कुठून आणणार, बायकांचे हाल होतील. हळू चालवीन. खरं कारण यातलं एकही नव्हतं. खरं कारण हे की गाडी गेली की मी कोण, हे मला माहीत नव्हतं. खिडकीतून दार आणि दारातून खिडकी, दुसरं काय.

शुक्रवारी, शनिवारी, रविवारी मी वीसच्या वर गेलोच नाही. मागून हॉर्न वाजत होते. बायका म्हणाल्या, "काका, आज वरात आहे का?" प्रत्येक स्टॉपवर मी खाली उतरून गाडीला फेरी मारायचो, मगच निघायचो. त्यांना वाटलं मंगळवारच्या प्रकाराने काका घाबरले. एकीने मला देवीचा अंगारा आणून दिला, आणि विरारहून चढणाऱ्या एका ख्रिस्ती बाईने आरशाला छोटा क्रूस बांधला. माझी मलाच लाज वाटली, पण मी अंगारा कपाळाला लावला आणि गाडी सुरू केली.

रविवारी रात्री जेवण झाल्यावर मी भिंतीवर बायकोची टिकली चिकटवली, टिकलीसमोर खुर्ची ओढून बसलो, आणि उजवा डोळा हाताने झाकून डाव्या बाजूने चमचा पुढे आणायला लागलो. चमचा हातात आहे हे कळत होतं, पण दिसत नव्हता. जवळजवळ नाकासमोर आला तेव्हा दिसला. मान फिरवली की लगेच दिसायचा. मान सरळ केली की गायब. मी हे सात-आठ वेळा केलं. मग बघितलं तर बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

मी सांगून टाकलं. दवाखाना, डबा, डॉक्टर, चप्पल, सगळं. ती खाली बसली.

"म्हणजे खांदा नाही?" ती म्हणाली.

"कुठला खांदा?"

"अहो, वर्ष झालं, तुमचा पेला डाव्या हाताला ठेवला की तुम्ही पाडता. मला वाटलं डावा खांदा आखडलाय आणि तुम्ही मेलं सांगत नाही. म्हणून मी चहा, पाणी, सगळं उजवीकडे ठेवते."

मी तिच्यावर ओरडलो. वर्षभर माहीत होतं तर बोलायला काय झालं होतं, असं बरंच काही. सगळं चुकीचं होतं, तिची काहीच चूक नव्हती. मला पेले पाडायचं बंद झाल्याचं नुसतं समाधान होतं, ते कसं बंद झालं हे विचारायची बुद्धी झाली नव्हती. ती माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली.

"मग उद्या जाताय का गाडीवर?" तिने विचारलं.

मी टिकली काढून तिच्या हातात दिली आणि झोपायला गेलो.

सोमवारी तिने डबा भरला नाही. मी वडापाव खाऊन गाडी काढली. मंगळवारी, बुधवारी, तसंच. घरात आम्ही बोलत नव्हतो. गाडीत मी इतका ताणलेला असायचो की संध्याकाळी स्टेअरिंगवरची बोटं एकेक करून सोडवावी लागायची. झोप लागत नव्हती. लागली तर तो आवाज यायचा, पत्र्यावर हात मारल्याचा.

गुरुवारी परत नायगाव. तीच मुलगी. तिने मला ओळखलं आणि उसासा टाकला.

या वेळी मी ठरवून बसलो. मान दोन्ही हातांनी धरली असती तरी चाललं असतं, पण हातात बटण होतं. पिवळ्या ठिपक्याकडे बघितलं आणि सतरा वर्षांची मान जागेवर रोखली. तिला फिरायचं होतं. मानेच्या शिरा थरथरत होत्या. मी दात आवळून बसलो.

ठिपक्याच्या आसपास उजेड चमकला, मी बटण दाबलं. परत चमकला, परत दाबलं. मग काहीच चमकेना. यंत्रातून मात्र बारीक टिक, टिक येत होतं. थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं की प्रत्येक टिकला एक उजेड येत असणार, आणि तो मला दिसत नाही. टिक ऐकून बटण दाबलं असतं तर कुणाला कळलं नसतं असं मला वाटलं. अंगठा बटणावरच होता. मी तो उचलून धरला. टिक, टिक, टिक. कितीतरी वेळ. इतका एकटा मी वाळवंटातही नव्हतो.

"एकदम छान काका," मुलगी म्हणाली. "आज अजिबात हलला नाहीत."

कागदावर डाव्या डोळ्याच्या नकाशात ठिपक्याभोवतीचा एक पुंजका पांढरा होता आणि बाकी सगळं काळं. उजव्याची कडही काळी व्हायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, गेलं ते परत येत नाही, उरलंय ते थेंब घालून टिकवू. मोठी गाडी बंद. लहानही बंद.

"पण मला काळं कुठेच दिसत नाही," मी म्हणालो. "चष्म्यात कडेला काळं असायचं, कळायचं की इथलं दिसत नाहीये. इथे तर सगळं नीट दिसतं."

"तीच तर पंचाईत," ते म्हणाले. "न दिसणारा भाग काळा दिसत नाही. मेंदू आजूबाजूचं घेऊन तो भरून टाकतो. तुम्हाला तिथे रस्ताच दिसणार. आणि तुम्ही मान इतकी फिरवता, की उरलेल्या नजरेवर सगळं भागवत होतात. दुसरा असता तर वर्षभर आधी कुठेतरी धडकून माझ्याकडे आला असता."

उस्तादांना हे माहीत नव्हतं. शंका आली की थांबायचं, ठीक आहे. पण शंका यायला काहीतरी दिसावं लागतं.

संध्याकाळी मालकाला फोन केला. त्याने आधी विश्वास ठेवला नाही, मग म्हणाला, शनिवारपासून माणूस बघतो, उद्याचा एक दिवस काढा, तुम्ही तर एक नंबर चालवता. मी नाही म्हणालो. तो चिडला, म्हणाला, आयत्या वेळी सांगताय, बायकांना तुम्हीच कळवा. मी किल्ली त्याच्या माणसाकडे दिली. बायकोने ताट वाढलं, पाण्याचा पेला उजवीकडे ठेवला, आणि आठवड्यात पहिल्यांदा माझ्यासमोर बसून जेवली.

फोन करता आला असता. विरारच्या बायकांना तो केलाही, पण आगाशीच्या पाच जणींना फोनवर सांगावं हे मला पटेना. शुक्रवारी सकाळी मी रिक्षा करून आगाशीला गेलो. बाजारात भाजीवाल्या बसायला लागल्या होत्या. पाच जणी नेहमीच्या जागी उभ्या होत्या, हातात डब्यांच्या पिशव्या. मी रिक्षातून उतरलो तशा त्या माझ्या मागे बघायला लागल्या.

"गाडी कुठं काका? बंद पडली?"

"गाडी चांगली आहे," मी म्हणालो. "मी बंद पडलोय." मला ते हलकं करायचं होतं, पण कुणी हसलं नाही. मग मी सरळ सांगितलं. डाव्या बाजूचं दिसत नाही. आजपासून चालवणार नाही. आज तुम्हाला बसने जावं लागेल, उशीर होईल, माझ्यामुळे.

एकीने घड्याळ बघून कपाळावर हात मारला. दुसरी म्हणाली, अरे देवा, काका, डोळे कसे हो असे अचानक. पत्र्यावर हात मारलेली तीच होती. ती माझा हात धरून विचारपूस करायला लागली, ऑपरेशन होतं का, औषध आहे का. मला ते सहन होईना.

कोळीवाड्यातली पुढे आली. मग तिने विचारलं, "त्या दिवशी मी तुमाला दिसले नव्हते?"

"नाही."

"तुमी थांबवलीत ना पण गाडी."

"हिने पत्रा बडवला म्हणून थांबली. मी नाही थांबवली."

"मी घरी सासूच्या शिव्या खाल्ल्या," ती म्हणाली. "चूक माझी म्हनून."

"चूक माझी होती."

 मी मान फिरवत होतो, दोन्हीकडे, त्याच बाजारात, उगाच. मला ती थांबवता येत नव्हती.

"कधी समजलं तुमाला?" तिने विचारलं.

इथे मी काल म्हणू शकलो असतो. कागद कालच आला होता, अगदी खोटंही झालं नसतं. "आधीच्या गुरुवारी," मी म्हणालो. "डॉक्टरांनी त्याच दिवशी सांगितलं होतं, चालवू नका."

विचारपूस करणारीने माझा हात सोडला.

कोळीवाड्यातलीने अंगठ्याने बोटांची पेरं मोजली. शुक्रवार, शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवी खांद्याला लावली.

"सहा दिवस," ती म्हणाली, "आमी मागं बसून गानी म्हनत होतो."

आणि ती जाऊन बसच्या रांगेत उभी राहिली.